मंदाताईंचे दोन इंच

मंदाताई येळवंडे यांना मी आधी ऐकलं, मग पाहिलं. चाकणला जाणारी आमची कंपनीची बस सकाळी सव्वासहाला मोशीच्या थांब्यावर थांबायची आणि दाराच्या पत्र्यावर टक, टक असे दोन आवाज यायचे. मागच्या सीटवरून कोणीतरी डोळे न उघडताच म्हणायचं, "आली राव, घोडी आली."

"घोडी नव्हं, घोडेस्वार. ऊठ, बसू दे," मंदाताई पायरीवरूनच सुनावायच्या.

आणि तो उठायचा.

उंची जेमतेम चार फूट आठ इंच. वय पंचेचाळिशीच्या पुढचं. कपाळावर ठसठशीत टिकली, कंपनीचा निळा शर्ट, कडक इस्त्रीची पँट आणि पायात उंच टाचेच्या सँडल. रोज. मोशीचा रस्ता वर्षातले आठ महिने कोणी ना कोणी खणलेला असतो. त्या खडीतून, चिखलातून ही बाई अशी चालत यायची, की आपण कडेला उभं राहून बघावं. गेटच्या आत मात्र सगळ्यांना सेफ्टी शूज सक्तीचे. तिथे लॉकरजवळ बसून त्या सँडल फडक्याने पुसायच्या, कापडी पिशवीत घालायच्या आणि लॉकरच्या वरच्या कप्प्यात ठेवायच्या. डबा खालच्या कप्प्यात.

मी एकदा म्हणाले, "मंदाताई, उलटं नाही का हे? अन्न खाली आणि चपला वर?"

"डब्याला मी उचलून आणती. चपला मला उचलत्यात. मंग वर कोन पायजे, तुमीच सांगा."

मी रहाटणीची. वडील भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये लेथवर होते. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिली. बी.ई. प्रॉडक्शन, पहिल्या वर्गात. हे मी मुद्दाम सांगते, कारण ते सांगण्यासारखं आहे. गाड्यांचे पुढचे दिवे जोडणारी ही कंपनी माझी पहिली नोकरी. मंदाताई तिथे माझ्या आधीपासून अकरा वर्षं होत्या, कंत्राटावर. कंपनीत त्या मला मॅडम म्हणायच्या आणि बसमध्ये पोरी. एक दिवस सोडला, तर दोन्हींमध्ये कधी गल्लत झाली नाही.

त्यांच्या सासरची मोशीला जमीन होती. तिथे आता बारा मजल्यांची सोसायटी आहे. बसमधून ती दिसली की त्या मान फिरवायच्या नाहीत, उलट बोट दाखवून सांगायच्या, "त्यो लिफ्टचा डबा हाय ना, तितं आमची कांद्याची चाळ व्हती." एकदा मी विचारलं, वाईट वाटतं का? तर म्हणाल्या, "वाटून काय करती? जमीन गेली, तवापासनं मी जमिनीला फार पाय लावीत न्हाई." आणि सँडल पुढे करून दाखवली.

त्यांच्या घरी मी एकदा हळदीकुंकवाला गेले होते. दारामागे लोखंडी रॅक, त्यावर अकरा जोड. प्रत्येकाचं काम ठरलेलं. जाड टाचेच्या रोजच्या. आख्खा तळच मागे चढत गेलेल्या, सलग टाचेच्या लग्नाकार्याच्या, कारण मांडवात गवत असतं आणि बारीक टाच रुतते. आणि एक जोड पेन्सिल टाचेचा, काळा, चकचकीत.

"ह्या कुठं घालता?"

"बँकेत. आन् तलाठ्याकडं. तितलं टेबल हितवर आसतं," त्यांनी हनुवटीपाशी हात धरला. "त्या मान्साला माझं तोंड दिसलं पायजे. नुसती टिकली दिसून काम व्हत न्हाई."

टाचांचा नाद त्यांना कुठून लागला, ते त्यांच्या यजमानांनी सांगितलं. ज्ञानोबाभाऊ टेम्पो चालवतात. चांगले पावणेसहा फूट. लग्नात अंतरपाटापाशी मंदाताईंच्या पायाखाली एकावर एक दोन पाट ठेवले, तरी हार घालायला भाऊंना वाकावं लागलं. वरचा पाट हलत होता. मुलीकडचा कोणीतरी ओरडला, "आजून एक पाट आणा रे!" आणि मांडव हसला. नवरीही हसली, पण त्या दिवशी तिने कोणत्याच फोटोत मान वर केली नाही. पुढच्या आठवड्यात भाऊ पिंपरी कॅम्पात गेले आणि तीन इंच टाचेच्या सँडल घेऊन आले.

"सासू म्हनली, ही काय शेतात नाचायला जानार हाय का?" मंदाताई चहा ओतता ओतता म्हणाल्या. "तर हे म्हनले, मला वाकून वाकून मान दुखती, तिला वर येऊ दे. आता त्यावर सासू काय बोलनार!"

भाऊ लाजून बाहेर टेम्पो बघायला गेले.

मंदाताई सातवीपर्यंत शिकलेल्या. पण एखादी गोष्ट आवडली की तिच्या मुळाशी जायची सवय. मोबाइलवर सापडेल ते बघायच्या, मुलीकडून वाचून घ्यायच्या. एका दुपारी कँटीनमध्ये माझ्यासमोर ताट घेऊन बसल्या.

"मॅडम, तुमी शिकलेल्या. सांगा, उंच टाच जगात पयली कुनी घातली?"

"बायकांनीच घातली असणार. कुठल्या तरी राणीनं."

"हुकला!" त्यांनी टेबलावर चमचा आपटला. "पुरुषानं. तिकडं इरानात घोडेस्वार व्हते. घोडा पळत आस्ताना उभं ऱ्हाऊन बाण मारायचा, तर रिकिबीतनं पाय निसटायचा. म्हनून बुटाला टाच लावली, रिकिबीत आडकवायला. आपन घोड्याला टाच मारली म्हंतो ना? टाच घोड्यावाल्याचीच."

शेजारच्या टेबलावरची माणसंही ऐकू लागली होती.

"ते घोडेस्वार बघून तिकडं विलायतेतले सरदार येडे झाले. घोडा आसो नसो, टाच पायजेच. फ्रान्सचा एक राजा व्हता, बुटका, माझ्यावानी. त्यो लाल टाच घालायचा. त्याच्या मर्जीतला आसंल त्यानंच लाल घालायची, बाकीच्यांनी न्हाई. मंग त्यांचं बघून बायकांनी घातली. मंग पुरुषान्ला वाटलं, आता ही बायकांची झाली, आन् त्यांनी सोडली." त्यांनी सभोवार बघितलं. "म्हंजी घोड्यावरनं उतरले तुमी, टाच टाकली तुमी, आमी उचलली, जपली, तर नावं ठेवायला परत तुमीच!"

"आमी कुठं नावं ठेवली, ताई?" स्टोअरचा एक माणूस म्हणाला.

"मला घोडी कोन म्हंतं मंग? सकाळी, सव्वासहाला?"

त्याने भातात तोंड घातलं.

एकदा त्यांच्या पेन्सिल सँडलची टाच गतिरोधकावर मोडली. दुसरी एखादी हळहळली असती. ह्यांनी मोडकी टाच रुमालात बांधून कंपनीत आणली आणि माझ्या टेबलावर ठेवली. वरचं प्लास्टिक फुटलं होतं आणि आत स्टीलचा गज दिसत होता, बोटाच्या पेराहून बारीक. "बघा," त्या हळू आवाजात म्हणाल्या, देवघरातली वस्तू दाखवावी तसं. "पयली लाकडाची आसायची. बारीक केली की मोडायची. कुनाच्या तरी डोक्यात आलं, आत गज घाला. मंग पेन्सिलीवर आख्खी बाई उभी ऱ्हायली. हे तुमच्यासारख्या विंजेनरचं काम." कॉलेजात चार वर्षं मी स्टीलच्या ताकदीची गणितं सोडवली होती. एवढ्या कौतुकाने स्टीलकडे बघताना मी कोणाला पाहिलं नव्हतं.

अशा बाईने माझं पहिलं मोठं काम बिघडवलं. खरं तर आम्ही दोघींनी मिळून बिघडवलं.

कंपनीने फक्त बायकांची एक नवी लाइन सुरू करायचं ठरवलं. चाळीस जणी. बहुतेक मुली बीड, लातूर, धाराशिवकडच्या, खोली करून चाकणला राहणाऱ्या. त्यांच्यावर लीडर म्हणून मंदाताई, आणि लाइन चालली तर त्या कायम होणार. मोठ्या साहेबांनी स्पष्टच सांगितलं होतं, "तीन महिने बघू. जमलं तर ठीक, नाहीतर पोरं लावू." म्हणजे चाळीस जणींची नोकरी त्या तीन महिन्यांवर टांगलेली.

त्या लाइनची मांडणी माझ्याकडे आली. प्रत्येक टेबलावर डोक्याच्या वर स्क्रू आणि क्लिपांचे ट्रे असतात. हात वर करून घ्यायचं आणि खाली जोडायचं. नियम सोपा आहे: सगळ्यात बुटक्या बाईचा हात जिथपर्यंत सहज पोचेल, तिथे ट्रे लावा, मग सगळ्यांचा पोचतो. सगळ्यात बुटक्या कोण? मंदाताई. मी टेप घेऊन गेले.

त्या भिंतीला पाठ लावून ताठ उभ्या राहिल्या. लग्नाचा फोटो काढायला उभं राहावं तशा.

"सहज पोचेल तेवढाच हात वर करा."

"हा काय, पोचला."

"ताणू नका हं."

"आवो लई सहज पोचतोय, लिहा तुमी."

आकडा मला वाटला त्याहून जास्त आला. दिसतात तेवढ्या बुटक्या नाहीत, असं मनात म्हणून मी तो लिहिला. चित्र काढलं, साहेबांची सही घेतली, आणि चाळीस टेबलांवर ट्रेचे रॅक वेल्डिंग करून पक्के झाले.

पहिल्या आठवड्यापासून लाइन रखडली. लाइन ही तिच्यातल्या सगळ्यात हळू हाताच्या वेगाने चालते. एक अडली की मागच्या सगळ्या थांबतात. दुसऱ्या महिन्यात लेडीज रूममध्ये बामचा वास कायमचा राहायला आला. मुली पोटऱ्या चोळत बसायच्या. अश्विनी नावाची बीडची मुलगी, चोवीस वर्षांची, कामाला सगळ्यात चपळ, तीसुद्धा म्हणाली, "संध्याकाळी जिना चढता येईना गेलाय बघा." साहेब काचेच्या केबिनमधून बघायचे आणि म्हणायचे, "मी म्हणत होतो ना, बायकांना नाही जमत." हे त्यांनी मिटिंगमध्ये म्हटलं तेव्हा मी तिथे होते. मी माझं चित्र तीनदा तपासलं. त्यात चूक नव्हती.

मग एका दुपारी चहाच्या सुट्टीत मंदाताई माझ्या टेबलाशी आल्या. खुर्चीवर बसल्या, उजवा सेफ्टी शू काढला आणि माझ्या त्या चित्रावर उताणा ठेवला.

कंपनीच्या काळ्या बुटाला खालून आणखी एक काळी टाच होती. रबराचे थर एकावर एक चिकटवून, खिळे ठोकून, कडा घासून इतकी साफ बसवलेली, की उभ्या माणसाच्या लांब पँटीखाली कोणाला शंका येऊ नये. मी पट्टी लावली. दोन इंच.

"मोशीच्या नाक्यावर चप्पल शिवतो ना, त्याच्याकडनं करून घेती. अकरा वर्सं. नवीन बूट मिळाला की पयला त्याच्याकडं."

"पण का?"

"जुनी लाइन पुरुषांच्या मापाची. माझा हात पोचायचा न्हाई. सांगितलं आस्तं तर म्हनले आस्ते, पोचत न्हाई तर घरी बस. म्हनून मीच वर गेली." त्यांनी लाइनकडे हात केला. "आज पोरींच्या मागनं चालत व्हती. सोळा जनी, पोरी, सोळा. समद्या चवड्यांवर उभ्या. आख्खा दिवस टाचा उचलून काम करत्यात."

कंपनीच्या आत त्यांनी मला पोरी म्हटलेलं तेवढं एकदाच.

मी खरं सांगते, मला आधी माझ्याच नोकरीची भीती वाटली. पहिल्या नोकरीतलं पहिलं काम, आणि बूट न बघता माप घेतलं, एकीचंच घेतलं. आणि त्यांचं तर त्याहून मोठं: सेफ्टी शूजमध्ये फेरफार म्हणजे सरळ गेटच्या बाहेर. मी आवाज खाली आणला. "आपण रॅक खाली घेऊ. बदलाच्या फॉर्मवर कारण लिहावं लागतं. मी लिहिते, ट्रे बदलले म्हणून. कोणी विचारणार नाही."

"आन् दोन म्हैने पोरी मागं पडल्या त्येचं काय लिवशील? साहेब तर बोलून बसलेत."

"ते विसरतील."

"न्हाई विसरत. उद्या दुसरी लाइन निघंल तवा म्हंतील, मागं बायका लावल्या व्हत्या, न्हाई जमलं." त्यांनी बूट उचलला. "बायकांना जमलं न्हाई आसं कागदावर ऱ्हान्यापरीस मंदीनं टाच लावली आसं ऱ्हाऊ दे. चला मॅडम."

"आत्ता?"

"आत्ता. चहा झाला की माझी हिंमत उतरंल."

साहेबांच्या केबिनमध्ये त्यांनी दोन्ही बूट काढले, टेबलावर ठेवले आणि मोज्यांवर फळ्याला टेकून उभ्या राहिल्या. तशा त्या फारच लहान दिसत होत्या. साहेबांनी बूट हातात घेऊन फिरवला.

"तुम्ही सेफ्टी शूज कापलेत?"

"कापले न्हाईत साहेब. वाढवले."

तिथेच बसलेले एचआरचे गृहस्थ खोकल्यासारखं करून खिडकीकडे वळले. साहेब हसले नाहीत. "अकरा वर्षांत कधी बोलला नाहीत. आणि माप घेताना? तेव्हा तरी सांगायचं."

मंदाताईंनी आपल्या मोज्यांतल्या पायांकडे बघितलं. मग म्हणाल्या, "साहेब, अकरा वर्सांत ह्या कंपनीत माझं माप कुनी घेतलं न्हवतं. पयल्यांदा घेत व्हते. मला वाटलं, उंच भरावं."

मग मी पुढे होऊन त्यांना हात वर करायला लावला आणि फळ्यावर त्यांच्या बोटांच्या टोकाशी खूण केली. माझी चूकही मी सांगितली. बुटाचा मूळचा तळ धरूनही चित्रातल्या आकड्याशी बरोबर दोन इंचांचा फरक.

शिक्षा झाली. मंदाताईंना आठ दिवस घरी बसवलं, लीडरपद गेलं, कायम होणंही गेलं. माझ्या फाइलला ताकिदीचा एक कागद लागला. तो अजून असेल. पण त्या आठ दिवसांत मी चाळीसही जणींची मापं घेतली, बूट उलटे करून बघून. वेल्डिंग कापलं, रॅकला भोकं पाडली, आणि ज्या त्या बाईने आपापल्या उंचीला ट्रे लावून घ्यायचा अशी सोय केली. तिसरा महिना संपायच्या आत लाइन ठरलेल्या आकड्याच्या पुढे गेली. साहेब केबिनमधून बाहेर आले, लाइनच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालले आणि परत केबिनमध्ये गेले. लाइन राहिली. चाळीस जणी राहिल्या. पुढच्या वर्षी दुसरी लाइन निघाली, आणि तिथेही बायका लावाव्यात का, असं कोणी विचारलं नाही.

लीडर अश्विनी झाली. मंदाताई परत आल्या त्या दिवशी ती लाइनच्या तोंडाशी अवघडून उभी होती. "ताई, तुमची जागा हाय ही. मला लय कसंतरी व्हायलंय."

"व्हऊ दे. दोन दिवसांत जाईल." मंदाताईंनी तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "पन लीडर हाईस, खांदं पाडून उभी ऱ्हाऊ नगंस. रविवारी घरी ये. बँकेत जायच्या सँडल देती, नवी टाच बसवून घेतलीया, चालून बघ. पयल्या दिवशी घरातल्या घरात हं. न्हाईतर दात पाडून घेशील आन् बीडला माझं नाव कळवशील."

मग त्या आपल्या टेबलाशी गेल्या, रॅक चार भोकं खाली घेतला आणि सपाट बुटांवर उभ्या राहून कामाला लागल्या.

त्यानंतर दीड-दोन वर्षांनी मी दुसऱ्या कंपनीत गेले. भेटी कमी झाल्या. मंदाताईंनीही ती नोकरी सोडल्याचं कानावर आलं होतं, पण कुठे गेल्या ते कळलं नव्हतं.

गेल्या डिसेंबरमध्ये एका छोट्या कारखान्यात तपासणीसाठी गेले होते, देहूरोडच्या अलीकडे. मालक मला शेड दाखवत होता. "आमची सगळी जुळणी लेडीज करतात, मॅडम. आमच्या सुपरवायझर बाई लई कडक आहेत. कायम आहेत आमच्याकडे, त्यांच्याशिवाय पान हलत नाही." शेडच्या मधल्या खांबावर खडूच्या रेघा होत्या, वीस-पंचवीस, वरखाली, प्रत्येकीपुढे नाव. एकही दुसरीच्या बरोबरीला नव्हती. खांबाला पाठ लावून एक नवी पोरगी उभी होती, अठरा-एकोणीस वर्षांची, हात वर केलेला, पायात नुसते मोजे. आणि तिच्यासमोर खडू घेऊन मंदाताई.

मी हाक मारणार होते. पण थांबले.

त्या पोरीने श्वास आत घेतला, आणि कोणाला कळणार नाही अशा बेताने टाचा उचलल्या. अगदी बोटभर. मंदाताईंनी खाली बघितलंही नाही. डावा हात तिच्या खांद्यावर ठेवला आणि तिला हलकेच खाली दाबलं.

"ताई, थोडं तरी वर लिवा की," पोरगी कुरकुरली.

"लिवती की. सहा वाजता गेटाच्या भायेर ये, तितं पायजे तेवढी उंच हो, मी सोता शिकवती. हितं मला तू हाईस तेवढीच पायजे."

आणि त्यांनी खांबावर रेघ ओढली.